डोळ्यातलं तांबडं

आधी आठवतो तो गारवा. भाद्रपदातल्या सकाळी बावीतून नुकत्याच वर आलेल्या कळशीच्या काठाला असतो तसला, ओलसर, तांब्याचा, क्षणात कातडीखाली झिरपणारा. आणि त्याच्या मागोमाग कार्बॉलिक साबणाचा उग्र, स्वच्छ, कुणाचीही भीड न धरणारा वास. दोन बोटं माझ्या पापण्यांवर टेकतात, एक वरची उचलतं, एक खालची ओढतं, आणि जे दार जन्मापासून मी माझ्याच मर्जीने लावत-उघडत आलो ते परक्या हाताने सताड उघडलं जातं. बाईंचा चेहरा आठवायच्या आधी मला त्यांची ही दोन बोटं आठवतात. देवळातल्या गाभाऱ्याचं कुलूप काढणाऱ्या गुरवाची असावीत तशी ती होती: सवयीची, पण सरावून कोडगी न झालेली.

आता मी मूळचा बोलभांड माणूस. मालवणच्या बंदरावर मुकादम होतो, आणि माझी हाक वाऱ्यावर पडली की तिकडे वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरचे हमाल ओझं खाली ठेवून ‘इलंव, इलंव’ म्हणत. खोटं वाटत असेल तर वेंगुर्ल्यात जाऊन विचारा. ते नाही म्हणाले तर समजा की त्यांचे कान माझ्याच हाकेने गेले. पण बाईंविषयी लिहायला बसलो की माझी सगळी अतिशयोक्ती ओहोटीच्या होडीसारखी वाळूत रुतून बसते. कारण ह्या बाईला फुगवून सांगायला जागाच नव्हती. मापाच्या डब्यात पीठ भरून वर पट्टी फिरवावी तशी ती होती, कणभर वर नाही, कणभर खाली नाही.

त्या डोळ्यांच्या डॉक्टर. गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आमच्याकडे विजेचे दिवे यायचे होते त्या काळात, एक पत्र्याची ट्रंक आणि एक पितळी सूक्ष्मदर्शक घेऊन, घाट उतरून, एकट्या आल्या. नाव मालतीबाई, पण गावाने ‘डोळ्याची बाय’ म्हटलं आणि तेच राहिलं. बंदराकडे उतरणाऱ्या पाणंदीत चिऱ्याचं एक कौलारू घर त्यांनी घेतलं. पडवीत रोगी बसत, आणि मधल्या खोलीला त्यांनी काळे पडदे लावले. लग्न का नाही, माणसं कोण, घाटावर कुणी वाट बघतं का, हे विचारण्याची छाती मालवणात एकाही बाईला झाली नाही; आणि मालवणच्या बायका काय विचारू शकतात ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ह्या वाक्याचं वजन कळेल.

त्या काळ्या खोलीत एक विधी चाले. कंदील रोग्याच्या खांद्यामागे ठेवत. मधोमध बारीक भोक असलेला वाटोळा आरसा त्या स्वतःच्या डोळ्याशी धरत, आणि कंदिलाच्या उजेडाची एक तिरीप पकडून रोग्याच्या बाहुलीत सोडत. डोळा निरोगी असेल तर ती तिरीप तळाशी जाऊन पोहोचते आणि आतून तांबूस झळाळी परत येते, पूर्वेला पहाट उजळावी तशी. मग बाई स्वतःशीच पुटपुटत, ‘फुटलं.’ तांबडं फुटलं, एवढाच त्याचा अर्थ. मासे धरणाऱ्या गाबताच्या डोळ्यात, भटाच्या डोळ्यात, काजूच्या चिकाने हात काळवंडलेल्या बायकांच्या डोळ्यांत, साऱ्या किनाऱ्याच्या डोळ्यांत त्यांनी अशी तांबडी पहाट पाहिली होती. आमच्यासारख्यांना दिवसाला एक पहाट मिळते, तीही झोपेत निघून जाते. त्यांना दिवसभर पहाटाच पहाटा. तरी त्यांच्या घरात मला कधी उजाडल्यासारखं वाटलं नाही, ते का, ते पुढे येईलच.

नारळी पौर्णिमेला आम्ही समुद्राला नारळ देतो, आणि समुद्राचं देणं झालं की किनाऱ्यावर आपापसात नारळ लढवतो. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं. ज्याचा फुटला त्याने तो मुकाट्याने दुसऱ्याच्या हवाली करायचा. माझा नारळ वर्षभर चुलीवरच्या फळीवर धूर पिऊन बसला होता. इतका कठीण, की रेडीच्या डोंगरातलं लोखंड त्याच्यापुढे लोणी. समोर आला बाबल तांडेल, मचव्याचा धनी आणि जिभेचा त्याहून मोठा धनी.

‘मुकादमा, नारळ हाडलंस काय आवशीचो वरवंटो?’ नारळ आणलास की आईचा वरवंटा, असा त्याचा सवाल.

‘तुजो फुटलो काय कळात तुका!’

फुटला त्याचाच, ह्यात मालवणात दुमत नाही. पण फुटताना त्याच्या करवंटीची एक सळी उडाली, डासाच्या सोंडेएवढी, आणि सगळा समुद्रकिनारा सोडून नेमकी माझ्या डाव्या डोळ्यात शिरली. मी जिंकलेला नारळ काखेत घेऊन, एका डोळ्याने रडत आणि एका डोळ्याने हसत घरी गेलो.

आयेने मग तेच केलं जे ह्या किनाऱ्यावरची प्रत्येक आई करते. लुगड्याच्या पदराचा बोळा केला, तोंडाशी धरला, पोटाच्या तळातून ऊब वर काढून त्यात फुंकली आणि माझ्या डोळ्यावर ठेवला. पुन्हा फुंकली, पुन्हा ठेवला. त्या वाफेला तिच्या पानतंबाखूचा वास होता, आणि मी एवढा दांडगा बाप्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून पाच वर्षांचा होऊन निजलो. ती रात्रभर फुंकत राहिली. दुसऱ्या दिवशी ठणका कमी झाला, आयेने देवाला साखर ठेवली, आणि त्याच्या पुढच्या सकाळी कुणीतरी डोळ्यात निखारा पेरून वर माती लोटावी तसा मी किंचाळत उठलो. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या. आयेने माझा हात धरला आणि पाणंदीने मला बाईंकडे नेलं.

बाईंच्या त्या गार बोटांनी पापण्या उघडल्या तेव्हा मी सवयीप्रमाणे सुरुवात केली, की समुद्रात मोरी माशाशी झुंज झाली आणि त्या मेल्या माशाने शेपटाचा असा काही तडाखा दिला, की...

‘मुकादम,’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मोरीला करवंटी असते का?’

बुबुळाच्या कडेला तपकिरी ठिपका त्यांना दिसला होता. मग त्यांना आणखी काही दिसलं आणि त्या अधिक खाली वाकल्या. बुबुळाच्या पडद्याआड, काळ्याच्या तळाशी, पू साचून त्याची पिवळी कोर झाली होती. द्वितीयेला पश्चिमेकडे दिसते तशी, पण आडवी, बशीसारखी तळाला टेकलेली. बाहेर आकाशात पौर्णिमेचा चंद्र झिजायला लागला होता आणि माझ्या डोळ्यात दुसराच एक चंद्र उगवून भरायला बघत होता.

त्यांनी आरसा उचलला. दुखऱ्या डोळ्याला तेव्हा पाण्याखालून दिसावं एवढंच दिसत होतं: पांढऱ्या लुगड्यातली एक धूसर आकृती, माझ्यावर वाकलेली, आणि तिच्या चेहऱ्याशी धरलेला उजेडाचा एक वाटोळा थेंब. तो थेंब बराच वेळ हलला नाही. ‘फुटलं’ हा शब्द काही आला नाही.

‘आत राखाडी आहे सगळं,’ त्या म्हणाल्या. ‘जखम बाहेरची नाही राहिली, डोळ्याच्या पोटात गेलीय. औषध आहे. पण ही कोर भरतच गेली तर डोळा काढावा लागेल. नाहीतर तो दुसऱ्यालाही ओढून नेईल.’

हे त्यांनी वाण्याने पुडी बांधून द्यावी तसं सांगितलं, आणि त्यामुळेच मला ते पुरतं कळलं.

डोळा बधिर करून त्यांनी सळी काढली. मग केसाएवढ्या सुईने त्या कोरीतला एक थेंब ओढला, काचेच्या पट्टीवर पसरला, जांभळ्या रंगात बुडवून धुतला आणि खिडकीचा पडदा सारून उजेडात सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. खिडकीबाहेर माडाचं झावळ हलत होतं. त्याची सावली त्यांच्या पाठीवरून मागेपुढे जात होती आणि त्या मात्र चिऱ्यासारख्या स्थिर. किती वेळ गेला सांगता येत नाही; माझ्या हिशेबाने एक हंगाम.

‘माळ आहे,’ त्या म्हणाल्या. ‘जांभळ्या मण्यांच्या माळा. हे जंतू पेनिसिलिनला वचकतात, एवढं आपलं नशीब.’ मग आवाज उतरवून, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं, ‘मुकादम, पदराची वाफ कुणी दिली?’

पडवीत आयेच्या बांगड्या वाजल्या.

‘ह्या माळा करवंटीवर नसतात,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘माणसाच्या तोंडात असतात.’

मी आजवर अनेक आघात सोसले आहेत, त्यांतले काही खरेही होते. पण त्या वाक्याने जसा मी आतून बसलो तसा कधी बसलो नाही. जिच्या श्वासाने मी वाढलो, तिनेच रात्रभर जागून, कमरेचा काटा ढिला करून, माझ्या डोळ्यात हे पेरलं होतं. आणि नेमकी त्याच वेळी आये उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, पदराचा तोच बोळा मुठीत धरून.

‘बाय गो,’ ती म्हणाली, ‘कशान झालां ह्या? माजां काय चुकलां काय गो?’

बाई वळल्या. त्यांच्या हातातला चिमटा काशाच्या वाटीत पडला, त्याचा नाद खोलीत वर्तुळं काढत राहिला, आणि तो विरेपर्यंत त्या माझ्या आयेच्या मुठीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं मालवणात राहून ज्यांच्या तोंडून आमच्या बोलीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता, त्या बाई म्हणाल्या:

‘करटीच्या काट्यान झालां, आये. तुमचां कायेक चुकूक नाय.’

मी थापांचा जाणता आहे. थाप कशी घडवावी, तिला कुठे वेलबुट्टी काढावी, कुठे हलकेच खरेपणाचं अस्तर लावावं, ह्यात माझा हात धरणारा कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी नव्हता. पण तेव्हा मला कळलं, की मी आयुष्यभर फुकट मेहनत केली. माझ्या साऱ्या गजाली एका पारड्यात टाकल्या आणि ह्या बाईची ती एकच ओळ दुसऱ्यात ठेवली, तर माझं पारडं आढ्याला जाऊन टेकेल. मी लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून खोटं बोलत आलो. त्या, एक म्हातारी स्वतःकडे बघू शकावी म्हणून बोलल्या. आणि ज्या माणसाला खोट्याची सवय नसते त्याचा खोटं बोलल्यावर चेहरा कसा होतो, ते मी एका डोळ्याने पाहिलं: अंगणात आलेल्या परक्या गुरासारखं ते खोटं त्यांच्या चेहऱ्यावर उभं होतं, आणि त्याला हाकलावं की पाणी दाखवावं हे त्यांना सुचत नव्हतं.

‘उद्यापासून वाफ तुम्हीच द्यायची,’ त्या पुन्हा आपल्या घाटी मराठीत शिरल्या. ‘पण पाणी खळखळा उकळून, त्यात कापूस बुडवून. आणि तोंडाला विश्रांती.’

आयेने मान डोलावली आणि बोळा सोडून पदर खांद्यावर घेतला.

मग सुया सुरू झाल्या. माठाखालच्या ओल्या वाळूत बाईंनी पेनिसिलिनच्या बाटल्या पुरून ठेवल्या होत्या. ते औषध त्या डोळ्याच्या पांढऱ्यात, वरच्या पातळ सालीखाली भरत. पहिल्या सुईला मी जी आरोळी ठोकली तिने समुद्रातल्या किल्ल्यावरच्या घारी उडाल्या आणि तिन्हीसांजेपर्यंत परत बसल्या नाहीत. ‘ओरडा, मुकादम,’ बाई म्हणाल्या, ‘पण हलू नका.’ दुखरा डोळा हलू नये म्हणून त्यांनी चांगल्यावरही पट्टी बांधली, आणि पडवीलगतच्या खोलीत मी आंधळा होऊन पडलो.

दिवसा आये असे. कापूस पिळताना टपटपणारं पाणी, तिचं पुटपुटणं, रोग्यांच्या कुरबुरी, ह्यांत दिवस तरून जाई. तिन्हीसांजेला गुरं बांधायला ती घरी गेली की ते घर माझ्याभोवती हळूहळू मोठं होत जाई. काळोखाला भिंती नसतात हे मला तिथे कळलं. मी, ज्याला चार माणसं भोवती नसली तर आपण आहोत की नाही ह्याचीच शंका येते, तो मी, कौलांवरून ओघळणाऱ्या पागोळ्या ऐकत पडून राही. भरल्या डोळ्याची कोर उतरते की चढते, हे मला दिसत नव्हतं. बाईंच्या श्वासावरून ओळखायचं होतं. सकाळी त्या पट्टी सोडत, वाकत, आणि मी त्यांच्या श्वासाला कान लावून बसे, बोटीची वाट बघणाऱ्याने भोंग्याला लावावा तसा.

त्या काळोखात मी बाईंना आवाजांनी पाहिलं. पायांत वहाणा नसत, पण पायांतल्या हाडाचा एक बारीक टकटक आवाज असे. रात्री एक ताट मांडलं जाई, एक वाटी, एक तांब्या. जेवणाला दुसरा आवाज नसे. जेवून झालं की त्या भिंगं पुसत. एकेक भिंग पेटीच्या खाचेत बसताना किण्ण व्हायचं, आणि त्या किणकिणीत असा काही संथपणा असे की वाटावं, ही बाई काम उरकत नाही, ते संपू नये म्हणून पुसते आहे. आणि एक गोष्ट. रोज तिन्हीसांजेला त्या समुद्राकडे जाऊन येत. परत येताना मागल्या दाराशी थबकत, आणि आत पाऊल टाकण्याआधी खाकरत. आपण घरात शिरताना खाकरतो ना, आतल्या माणसांना कळावं म्हणून, तसं. घरात तर माझ्याखेरीज कुणी नव्हतं. माझ्या आधी नव्हतं, माझ्या नंतर असणार नव्हतं. वर्षानुवर्षं रिकाम्या घराला त्या आपण आल्याची वर्दी देत आल्या होत्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. पुढच्या एका संध्याकाळी त्या खाकरल्या आणि माझ्यातल्या बोलभांडाला राहवलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या, खाष्ट सासूचा आवाज काढून मी आतून ओरडलो:

‘इलंस? पाय धुवन ये गो आत!’

दाराशी एक आवाज आला, जो मी ओळखला नाही. बंद घराची खिडकी कितीतरी वर्षांनी उघडावी, आधी बिजागरी करकरावी आणि मग एकदम वारा आत यावा, तसा. बाई हसत होत्या. आणि मग, मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत मालवणात सगळ्यांना ठाऊक आहे तरी सांगतो, पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यांनी खरोखर पाय धुतले.

कोर उतरली. आधी ती थांबली, मग पातळ झाली, मग तळाशी हळदीच्या रेघेसारखी राहिली, आणि एके सकाळी बाईंचा श्वास मोकळा झाला तसा मला कळलं की रेघही गेली. काळ्या खोलीत नेऊन त्यांनी कंदील माझ्या खांद्यामागे ठेवला. आरशातली तिरीप आत शिरली असणार. मला तिचा निव्वळ ऊबदार पांढुरका धूर जाणवला. त्या कितीतरी वेळ बघत होत्या.

‘फुटलं?’ मीच विचारलं.

‘पुरतं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण पूर्व कळतेय.’

डोळा राहिला. त्याला आकार कळत नाहीत. उजेड कळतो, सावली कळते, दार कुठे आणि भिंत कुठे तेवढं कळतं. आये तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत गावभर सांगत राहिली, ‘वाफ मियांच दिलंय, म्हणान झिलाचो डोळो रवलो,’ आणि ते खोटं नव्हतंच. बाईंनी पुढे पडवीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला बजावलं, की डोळ्याला तोंडाची वाफ देऊ नका. फक्त आये समोर असली की त्यांचा विषय बदलत असे. मी लोकांना डोळ्याची हकीकत मोरीची सांगतो. हल्ली ती मोरी किल्ल्याएवढी झाली आहे.

बाई आणखी काही वर्षं राहिल्या. पोर्तुगीज गेले, मग रस्त्यावर विजेचे खांब आले, आणि एका वर्षी पावसाळा सरून मुंबईची बोट सुरू झाली तेव्हा त्या बोटीने बाई गेल्या. का गेल्या ह्याच्या अनेक गजाली मालवणात फिरल्या. त्यांतल्या निम्म्या माझ्याच. बोट लांब नांगरलेली होती. भिंगांची पेटी मी कुणा हमालाच्या हाती दिली नाही, स्वतः छातीशी धरून होडीत उतरवली. आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, मग तो परत येणार असो वा नसो. तेवढं खोटं देवानेही माफ केलेलं आहे. बाईंनी होडीत पाय ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि ‘जाते, मुकादम’ म्हणाल्या. एवढंच. आयुष्यातलं एक खोटं त्यांनी माझ्या आयेसाठी खर्चून टाकलं होतं. माझ्यासाठी त्यांच्याकडे दुसरं शिल्लक नव्हतं. आणि ज्याची हाक वेंगुर्ल्याला ऐकू जाई त्या माझ्या गळ्यातून त्या दिवशी होडीच्या दुसऱ्या टोकालाही पोहोचेल असा आवाज फुटला नाही.

आता आये नाही. बाबल तांडेल नाही. घरात मी आणि घड्याळ. तिन्हीसांजेला बंदरावरून परततो तेव्हा उंबऱ्याशी मीही थबकतो, खाकरतो आणि क्षणभर वाट बघतो. मग पाय धुऊन आत जातो. पडवीत बसून कधीकधी उजवा डोळा मिटून घेतो. उजव्या डोळ्याने त्यानंतर पुष्कळ पाहिलं, इतकं, की जुने चेहरे नव्या चेहऱ्यांखाली पुसले गेले, खुद्द आयेचाही थोडा पुसला. पण डाव्या डोळ्यात त्या सकाळनंतर कुणाचाच आकार उतरला नाही. त्याने शेवटचं जे पाहिलं तेच त्याच्यापाशी राहिलं: पांढऱ्या लुगड्यातली एक धूसर आकृती आणि चेहऱ्याशी उजेडाचा वाटोळा थेंब. काळ उजव्या डोळ्यातून वाहून गेला, त्याला डावीकडची वाट सापडली नाही. तिथे त्या अजून तशाच माझ्यावर वाकून उभ्या आहेत, न थकता, न म्हाताऱ्या होता, आत तांबडं फुटलंय का ते बघत, आणि मी डोळा न हलवता पडून आहे.